घंटा ८ ला, घंटा ९ ला : रोटरीची साप्ताहिक सभा कशी घ्यावी

निमंत्रणात रात्री ८ लिहिलेलं असतं. ८.२० पर्यंत चहा चालतो, ८.३० ला घंटा वाजते आणि वक्ता माइकपाशी पोचतो तेव्हा ९.०५ झालेले असतात. तालुक्याच्या गावातले बहुतेक क्लब इथंच मार खातात. ४० जण खुर्च्यांवर येऊन बसले असताना सभा १५ मिनिटं उशिरा सुरू झाली, तर सगळ्यांचे मिळून १० तास वाया गेले. गेले तेही वेळेवर आलेल्यांचेच. पुढच्या आठवड्यात हीच मंडळी उशिरा येतात, आणि काही आठवड्यांनी यायचीच बंद होतात. म्हणून पुढचं सगळं एकाच अटीवर बेतलं आहे: ८ ला पहिली घंटा, ९ ला शेवटची. त्यानंतर जेवण आणि गप्पा ज्याला जितका वेळ हवा तितका.

हिशेब ३५ ते ४५ सदस्यांचा, संध्याकाळी भरणारा क्लब धरून केला आहे. मुंबईत दुपारच्या जेवणाला भरणाऱ्या सभांना घड्याळ वेगळं, पण क्रम तोच. लायन्सवाल्यांनाही यातलं बरंच चालेल. त्यांच्याकडे सभेत गमतीने लावलेला दंड गोळा करणाऱ्याला टेल ट्विस्टर म्हणतात, रोटरीत ते काम सार्जंट-अ‍ॅट-आर्म्सकडे असतं.

वार आणि वर्षाचं कॅलेंडर

रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्यामुळे वार, जागा आणि वर्षाचा कार्यक्रम नव्या अध्यक्षाने मे महिन्यातच ठरवून टाकावा. पदग्रहणानंतर ठरवू म्हटलं की पहिला महिना हारतुऱ्यांत जातो.

वार निवडताना गावाचा आठवडी बाजार कधी आणि दुकानं कुठल्या वारी बंद असतात हे आधी बघा. बाजाराच्या दिवशी व्यापारी सदस्य येत नाहीत. बंदच्या दिवशी ते गावातच नसतात. डॉक्टर मंडळींची संध्याकाळची ओपीडी साडेसातच्या आत संपत नाही, म्हणून ७ ची सभा त्यांच्यासाठी नसल्यासारखीच. गुरुवार किंवा शनिवार ठेवला तर उपासाचं ताट दर वेळी लागणार हे धरून चाला.

२०१६ पासून क्लबना दर आठवड्याला सभा घेण्याचं बंधन नाही. महिन्यातून किमान दोन पुरतात. तसं करायचं तर क्लबच्या उपविधीत (बाय-लॉजमध्ये) रीतसर बदल करावा लागतो, नुसतं बोर्डात ठरवून भागत नाही. आमचं मत विचाराल तर साप्ताहिकच बरी. ‘गुरुवार म्हणजे रोटरी’ हे घरच्यांनाही पाठ होतं. पंधरवड्याची सभा करायचीच असेल तर ‘पहिला आणि तिसरा गुरुवार’ असं ठरवा. ‘दर १५ दिवसांनी’ म्हटलं की कुणालाच तारीख आठवत नाही.

कॅलेंडर भरताना गणपतीचे दिवस आणि दिवाळीचा आठवडा आधीच काढून टाका. डिसेंबर संपण्यापूर्वी पुढच्या पदाधिकाऱ्यांच्या निवडीची वार्षिक सभा घ्यावी लागते, तिची तारीख आत्ताच लिहा. ऑगस्ट हा सदस्यवाढीचा, नोव्हेंबर रोटरी फाउंडेशनचा, जानेवारी व्यवसाय सेवेचा महिना. निदान एकेक सभा त्या विषयाला द्या. वक्ते तीन महिन्यांचेच ठरवा. वर्षभराची यादी केली की निम्मी बदलावी लागते.

पेटी आणि हॉल

क्लबची एक पत्र्याची पेटी असावी आणि ती सार्जंटच्या ताब्यात असावी. घंटा आणि तिची हातोडी, अध्यक्षांनी गळ्यात घालायची कॉलर, डायसला लावायचा बॅनर, चतुर्विध कसोटीचा (रोटरीच्या चार प्रश्नांचा) फलक, सदस्यांचे बॅज, हजेरीचं रजिस्टर, दंडाचा डबा, पावतीपुस्तक, बाहेरून आलेल्या रोटेरियनला द्यायचे क्लबचे छोटे बॅनर, एक्स्टेन्शन बोर्ड, पेन्सिल सेलची नवी चौकडी. हातोडी नेहमी हरवते. ती दोरीने घंटेला बांधून ठेवा.

खुर्च्या कमी मांडा. ४० सदस्यांपैकी साधारण २४ येत असतील तर २४ च मांडायच्या आणि १२ भिंतीला रचून ठेवायच्या. ४० मांडल्या की लोक मागच्या दोन रांगा धरतात, पुढे पोकळी राहते आणि वक्ता रिकाम्या खुर्च्यांशी बोलतो. उशिरा येणाऱ्याने रचलेली खुर्ची उचलून आणली तर त्यालाही कळतं आणि इतरांनाही.

माइक शिट्टी मारतो, कारण स्पीकरचा खोका माइकच्या मागे किंवा बाजूला असतो आणि त्याचाच आवाज पुन्हा माइकमध्ये जातो. खोका माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवला की निम्मा त्रास जातो. उरलेला त्रास आवाज थोडा उतरवला की जातो. कॉर्डलेस माइकमध्ये ‘अजून चालताहेत’ असे सेल ठेवू नका, ते बरोबर वक्त्याच्या तिसऱ्या मिनिटाला मान टाकतात.

प्रोजेक्टरची वायर वक्त्याच्या लॅपटॉपला बसेलच असं नाही. नव्या लॅपटॉपना टाइप-सीचा जोड लागतो, तो पेटीत असू द्या. वक्त्याने पेनड्राइव्हवर आणलेलं मराठी सादरीकरण क्लबच्या लॅपटॉपवर उघडलं की चौकोन आणि चिन्हं दिसतात, कारण त्याचा फॉन्ट युनिकोड नसतो आणि इथे बसवलेलाही नसतो. उपाय सोपा आहे: आदल्या दिवशीच पीडीएफ मागवून घ्या आणि एकदा उघडून बघा.

साठ मिनिटं

७.३० ला सार्जंट हॉलवर. ७.४० पासून चहा आणि बॅज. ७.५५ ला चहाचा टेबल आवरायला घ्यायचा. तो उघडा राहिला की आठाच्या घंटेला कुणी उठत नाही.

८.०० ला घंटा. समोर सहा जण असले तरी. पहिले तीन आठवडे सहाच असतील, चौथ्या आठवड्यात वीस असतील.

पहिल्या तीन मिनिटांत राष्ट्रगीत किंवा रोटरी प्रार्थना, क्लबची जी पद्धत असेल ती, आणि चतुर्विध कसोटी. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. मोबाइलवर लावणार असाल तर आवाज आणि ब्लूटूथ आधी तपासा, सगळे उभे राहिल्यावर जाहिरात सुरू होणं फार वाईट दिसतं. कसोटी रटाळ वाटते ती सगळे एका सुरात घोकतात म्हणून. हर्बर्ट टेलर यांनी ती १९३२ मध्ये बुडीत चाललेल्या एका कंपनीला सावरताना लिहिली: हे सत्य आहे का, संबंधित सर्वांना न्याय्य आहे का, यातून सद्भावना आणि मैत्री वाढेल का, संबंधित सर्वांच्या हिताचं आहे का. दर आठवड्याला वेगळ्या सदस्याने एकट्याने, सावकाश वाचली तर ऐकली जाते.

८.०३ ते ८.०८ अध्यक्ष. गेल्या आठवड्यात काय झालं, येत्या आठवड्यात काय आहे, बस. ८.०८ ते ८.१३ पाहुण्यांची ओळख आणि वाढदिवस. ८.१३ ते ८.१७ सचिवांच्या सूचना. ८.१७ ते ८.२१ सार्जंट. ८.२१ ला वक्त्याची ओळख दोन मिनिटं, भाषण २५ मिनिटं म्हणजे ८.४८ पर्यंत, प्रश्नोत्तरं आठ मिनिटं, आभार दोन मिनिटं, आणि अध्यक्षांच्या शेवटच्या वाक्यानंतर घंटा.

हे वेळापत्रक मोडतं ते स्वागताने. एक पुष्पगुच्छ म्हणजे नाव पुकारणं, देणाऱ्याने मागच्या रांगेतून येणं, फोटोग्राफरने ‘सर, इकडे बघा’ म्हणणं: दीड मिनिट. पाच मान्यवर म्हणजे साडेसात मिनिटं, आणि ज्याला विसरलो त्याच्या रुसव्याची मिनिटं निराळी. नियमित सभेत गुच्छ फक्त वक्त्याला, तोही शेवटी स्मृतिचिन्हाबरोबर. माजी अध्यक्षांना मंचावर बसवायचं नाही. मंचावर अध्यक्ष, सचिव, वक्ता आणि वक्त्याची ओळख करून देणारा, एवढेच. दीपप्रज्वलन पदग्रहणाला ठेवा. पंखे बंद करून काड्यापेटी शोधण्यात दर आठवड्याला पाच मिनिटं घालवायची गरज नाही.

दुसरी गळती संबोधनांची. ‘व्यासपीठावरील मान्यवर, माजी अध्यक्ष, असिस्टंट गव्हर्नर, अ‍ॅन्स, पाहुणे आणि माझ्या रोटेरियन मित्रांनो’ हे अध्यक्षांनी एकदाच म्हणावं. बाकी सगळ्यांनी ‘नमस्कार’ म्हणून मुद्द्यावर यावं. आठ जण बोलणार असतील तर एवढ्यानेच चार मिनिटं वाचतात.

सचिवांनी सूचना वाचून दाखवू नयेत. जे व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं आहे ते पुन्हा सांगायचं नाही. ज्यासाठी समोरच्यांनी हात वर करणं हवं आहे तेवढंच सांगायचं: रविवारच्या रक्तदान शिबिराला सकाळी आठला चार जण हवेत, कोण येतंय? हात वर झाले की नावं तिथेच लिहून घ्या.

वक्ता

तीन आठवडे आधी विचारा, एक आठवडा आधी पक्कं करा, त्याच दिवशी सकाळी फोन करा. संदेशात विषय, श्रोते कोण, भाषा, २५ मिनिटांची मर्यादा, प्रोजेक्टर आहे की नाही, आणि कोण घ्यायला येणार हे सगळं लिहून द्या. ‘दोन शब्द बोला’ असं चुकूनही म्हणू नका. दोन शब्दांची तयारी करून आलेला माणूस चाळीस मिनिटं बोलतो.

ओळख त्याच्याकडूनच पाच ओळींत मागवा. दोन पानांचा बायोडेटा आला तर त्यातल्या तीन गोष्टी निवडा, ज्यांचा आजच्या विषयाशी संबंध आहे. वक्त्याला पहिल्या रांगेत बसलेल्या सार्जंटकडे बघायला सांगून ठेवा. पाच मिनिटं उरली की पिवळं कार्ड, एक उरलं की लाल. हे आधी सांगितलं असेल तर कुणी रागावत नाही. मध्येच चिठ्ठी सरकवली तर मात्र रागावतात, आणि बरोबरच आहे.

विमा, गुंतवणूक किंवा प्लॉटच्या योजनांवर बोलणारे स्वतःहून येतात. त्यांना बोलवायचं तर अट घाला: पत्रकं वाटायची नाहीत, कंपनीचं नाव एकदाच. पक्षाचा प्रचार रोटरीच्या व्यासपीठावर बसत नाही, निवडणुकीच्या मोसमात तर उमेदवाराला टाळलेलंच बरं.

ऐन वेळी वक्ता आला नाही तर? दोन सदस्यांची व्यवसायावरची १५ मिनिटांची भाषणं कायम तयार असावीत. शीतगृहात द्राक्ष कसं टिकतं, सातबाऱ्यावरचे इतर हक्क कसे वाचायचे, एक्स-रेमधून काय दिसतं आणि काय दिसत नाही. बहुधा बाहेरच्या वक्त्यापेक्षा ही भाषणं जास्त रंगतात, कारण रोज भेटणारा माणूस रोज काय करतो हे कुणाला ठाऊक नसतं.

प्रश्नोत्तरांत माइक सार्जंटने हातात धरूनच फिरवायचा, कुणाच्या हाती द्यायचा नाही. हातात गेलेला माइक परत येत नाही, आणि प्रश्नाऐवजी स्वतःचं भाषण सुरू होतं. पहिला प्रश्न एका सदस्याला आधीच सांगून ठेवा. पहिल्या प्रश्नाला शांतता पसरली की बाकीचेही गप्प बसतात.

हजेरी

व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान टाका: ‘येतो’, ‘जोडीने येतो’, ‘नाही’. ‘बघतो’ हा पर्याय ठेवायचा नाही. मुदत सभेच्या दिवशी दुपारी १२. ज्यांनी काहीच टाकलं नाही त्यांना फोन. ४० सदस्यांचे आठ-आठचे पाच गट केले तर प्रत्येक गटप्रमुखाला तीन-चारच फोन पडतात.

सभेचा किमान ६० टक्के वेळ हजर असलेला सदस्य हजर धरतात. जेवणाला उगवणाऱ्याची सही घ्यायची नाही. रोटरीच्या प्रमाणित घटनेप्रमाणे सहा महिन्यांत निम्म्या सभांना हजेरी किंवा मेक-अप (बुडालेल्या सभेची भरपाई) हवा आणि त्यातही ३० टक्के सभा स्वतःच्या क्लबच्या हव्यात. क्लबला उपविधीने हे बदलता येतं. मेक-अप म्हणजे दुसऱ्या क्लबची सभा, रोटरॅक्ट वा इंटरॅक्ट या रोटरीच्या तरुणांच्या क्लबांची सभा, बोर्डाने ठरवलेला सेवा प्रकल्प. वय आणि सदस्यत्वाची वर्षं मिळून ८५ झाली, सदस्यत्व किमान २० वर्षांचं असलं आणि सदस्याने लेखी मागितलं, तर बोर्ड त्याला हजेरीतून सूट देऊ शकतं. टक्केवारीत नेहमी चुकतं ते इथेच. ३८ सदस्य, दोघे सूट मिळालेले आणि आज न आलेले, २१ हजर, तिघांचे मेक-अप: म्हणजे ३६ पैकी २४, ६६.६७ टक्के. ३८ ने भागायचं नाही. सूट मिळालेला आला तर मात्र तो वरही मोजायचा आणि खालीही.

ताट

केटरर किमान ताटांची हमी मागतो. दुपारच्या मतदानातल्या आकड्यापेक्षा दोन-तीन ताटं कमी सांगा. ‘जोडीने’ म्हणालेल्यांतले काही एकटे येतात, आणि केटरर थोडं जास्तीचं करतोच. उपासाची आणि जैन ताटं नावानिशी सांगायची, नाहीतर साबुदाण्याची खिचडी ज्यांचा उपास नाही तेच आधी संपवतात.

पैशांचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच मांडा. समजा ४४ सभा, सरासरी २४ ताटं, ताट २५० रुपये: २,६४,००० रुपये. ४० सदस्यांवर वाटले तर माणशी ६,६००. हे वर्गणीत धरलं तर न येणारा येणाऱ्याचं जेवण भरतो, आणि मग कुरकुर होते. दर वेळी ताटाचे पैसे घेतले तर कोषाध्यक्ष दारात सुट्टे मोजत बसतो. मधला मार्ग बरा: हॉल, चहा आणि वक्त्याचा खर्च वर्गणीतून, ताट ज्याचं त्याने, क्यूआर कोडवर. महिन्यातून तीन वेळा पिठलं-भाकरी किंवा मसालेभात-मठ्ठा, एकदा काय हवं ते. पनीरची चढाओढ सुरू झाली की दोन महिन्यांत ताट ४०० वर जातं आणि मास्तर मंडळी यायची थांबतात.

दारूची बैठक करायची असेल तर ती क्लबच्या सभेला, क्लबच्या बॅनरला आणि क्लबच्या खात्याला जोडू नका.

ओळखी मुरतात कशा

फेलोशिपची, म्हणजे आपसातल्या मैत्रीची, बाब जेवणावर संपते असं धरलं की क्लबात चार कंपू होतात. बिल्डर एका टेबलावर, डॉक्टर दुसऱ्या, माजी अध्यक्ष पंख्याखाली, आणि नवा सदस्य ताट घेऊन भिंतीपाशी मोबाइल बघत उभा.

पहिला उपाय बॅजचा. दारात बॅज देताना प्रत्येकाच्या बॅजवर रंगीत टिकली लावा. लाल टिकलीवाले एका टेबलावर, निळे दुसऱ्या. महिन्यातून दोनदाच. दर वेळी केलं की लोक टिकल्या बदलून घेतात. बॅजवर नाव आणि व्यवसाय ठळक देवनागरीत, हातभरावरून वाचता येईल एवढा. चष्मा लावून दुसऱ्याच्या छातीकडे वाकून बघावं लागेल असा बॅज काय कामाचा?

दारात बॅज देण्याचं काम नव्या सदस्याला पहिले सहा आठवडे द्या. प्रत्येक माणूस त्याच्यासमोर येतो, नाव सांगतो, आणि दीड महिन्यात त्याला सगळा क्लब पाठ होतो. त्याला क्लबात आणणाऱ्याने तेवढे सहा आठवडे त्याच्याच टेबलावर जेवायचं.

हाक मारण्याचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. रोटरीच्या शिकागोतल्या पहिल्या क्लबात पहिल्या नावाने हाक मारायची रीत होती. सत्तरीच्या वकिलांना आपल्या गावात कुणी नुसत्या नावाने हाक मारणार नाही, आणि मारूही नये. पण ‘वकीलसाहेब’, ‘डॉक्टरसाहेब’, ‘शेठ’ चालू राहिलं तर माणूस हुद्द्यामागेच राहतो. नावापुढे राव, ताई किंवा जी लावलं की दोन्ही साधतं. अ‍ॅन हा शब्द रोटेरियनच्या पत्नीसाठी रूढ झाला. १९८९ पासून स्त्रियांना सदस्यत्व खुलं आहे, आणि त्यांच्या नवऱ्यांना काय म्हणायचं हे अजून कुणाला सुचलेलं नाही. त्यांनाही नावानेच बोलवावं.

सर्वांत गुणकारी गोष्ट मात्र रोटरीच्या नावातच आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमध्ये, खोली क्रमांक ७११ मध्ये, रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस आणि तिघे जमले. नंतरच्या सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होत, त्या फिरत्या सभांवरून रोटरी हे नाव आलं. दोन महिन्यांतून एकदा सभा सदस्याच्या कामाच्या जागी घ्या: छापखाना, रोपवाटिका, गूळ गुऱ्हाळ, शाळेची प्रयोगशाळा. २५ माणसं मावतात का आणि गाड्या कुठे लावायच्या हे आदल्या दिवशी बघून या. यंत्र चालू असेल अशी वेळ ठरवा, बंद कारखाना बघण्यात मजा नाही. यजमानाने फक्त चहा-वडा द्यायचा, हा नियम बोर्डाने लिहून ठेवावा. एकाने श्रीखंड-पुरी दिली की पुढचा यजमान सापडत नाही.

सार्जंटच्या दंडाला चार मिनिटं दिली आहेत, ती हसण्यासाठी. १० ते ५० रुपये. पेपरात फोटो आला, नवी गाडी घेतली, मोबाइल वाजला, बॅज विसरला. वजन, टक्कल, जात, बायको-नवरा आणि पेशंटमुळे झालेला उशीर यांवर दंड नाही. ज्याला चिडवायचं त्याचा स्वभाव सार्जंटला माहीत हवा. शंका असेल तर आधी कानात सांगावं. याच डब्यात आनंदाचे पैसेही: मुलीला प्रवेश मिळाला, शंभर रुपये, तीस सेकंद. वर्षाअखेरीस डब्यातले पैसे कशाला वापरले हे सभेत सांगा, नाहीतर डबा कुजबुजीचा विषय होतो.

सलग दोन सभांना न आलेल्याला फोन करायचा, तो सचिवाने नव्हे, त्याच्या टेबलावरच्या मित्राने. सचिवाचा फोन हजेरीचा वाटतो. तिसऱ्या गैरहजेरीला घरी किंवा दुकानात चक्कर. सलग चार झाल्या की प्रमाणित घटनेनुसार सदस्यत्वाचा प्रश्न बोर्डापुढे येऊ शकतो, तिथवर जाऊच द्यायचं नाही. कारणं बहुधा तीनच निघतात: वर्गणी थकली आहे आणि तोंड दाखवायची लाज वाटते, कुणाशी तरी बिनसलं आहे, किंवा चार सभांना येऊनही त्याच्याशी कुणी धड बोललं नाही. थकलेल्या वर्गणीचा उल्लेख सभेत कधीही नको. कोषाध्यक्षाने एकट्यात, हप्त्यांची सोय घेऊनच बोलावं.

९ नंतर

शेवटच्या घंटेनंतर अध्यक्षांनी वक्त्याला जेवायला नेऊन नव्या सदस्यांशेजारी बसवायचं. सचिवाने निघण्याआधी टक्केवारी काढून गटावर टाकायची, त्याच संदेशात पुढच्या सभेचा वक्ता आणि विषय. सार्जंटने पेटी भरताना बॅज मोजायचे. तीन तरी कुणाच्या खिशातून घरी गेलेले असतात, त्यांची नावं लगेच गटावर. कॉलर घडी घालून वर ठेवायची, घंटेखाली दबली की तिच्या पट्ट्यांना बाक येतो. आणि माइकमधले सेल काढून पेटीत वेगळे ठेवायचे, आठवडाभर आत राहिले तर गळतात आणि माइकमधल्या धातूच्या पट्ट्या गंजतात.